तीन इमारतींचा पंचनामा

"लावा मावशी अंगठा," तांबोळी साहेब म्हणाले आणि शाईचं पॅड त्यांनी माझ्यासमोर सरकवलं. कागद टेबलावर तयार होता. अंगठा कुठे लावायचा तिथं त्यांनी पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवली होती, नेहमीसारखी.

मी म्हटलं, "आज सही करते, साहेब."

त्यांनी मान वर केली. "सही?"

"येते मला आता."

साहेब खुर्चीतून अर्धे उठलेच. चांगला माणूस. तिशीचा इंजिनियर, पण डोळ्यांखाली काळं झालेलं. "अहो कुलथे बाई, इकडे या! मावशी सही करतायत!" त्यांनी ओरडून रेकॉर्ड रूममधल्या बाईंना बोलावलं. बाई दारात आल्या नि नुसत्या हसल्या. त्यांना नवल वाटायचं कारण नव्हतं, त्यांनीच शिकवलं होतं.

"पेढे आणायला सांगू का कुणाला?" साहेब म्हणाले आणि खिशातलं स्वतःचं पेन काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "घ्या. फुलीवरच करा."

मी पेन घेतलं, कागद जवळ ओढला, चष्मा लावला.

"करा ना, मावशी."

"आधी वाचते."

साहेब हसले. मीही हसले. पण मी वाचायला लागले ती थांबलेच नाही.

त्या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी धुरपदा शेजवळ. देवळसगावच्या नगरपरिषदेत शिपाई होते, बांधकाम विभागात. त्याआधी सोळा वर्षं मी बांधकामावर घमेली वाहिली. माझे मालक, म्हणजे नवरा, नगरपरिषदेत पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायला होते. ते आजारात गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. अक्षर एक येत नव्हतं. शिपायाला काय करायचंय अक्षर, टेबल पुसायला नि फायली न्यायला? पण फाईल चुकीच्या टेबलावर गेली की बोलणी बसायची. शेवटी त्रेपन्नाव्या वर्षी कुलथे बाईंनी मला डबा खाण्याच्या सुट्टीत फायलींच्या पाठीवरची नावं वाचायला शिकवलं. मी वाचलेला पहिला शब्द 'प्रलंबित'. सगळ्यात जास्त फायलींवर तोच होता.

आमच्या विभागाचं काम असं, की कुणीही इमारत बांधली की माणसं राहायला जाण्याआधी आम्ही जाऊन बघायचं आणि वापर परवाना द्यायचा. परवान्याशिवाय वीज नाही, नळ नाही. बघून आल्यावर पंचनामा करायचा. त्यावर एक सही इंजिनियरची, एक पंचाची. विभागात अकरा जागा मंजूर होत्या आणि माणसं दोन. एक तांबोळी साहेब, एक मी. साहेबांकडे पाणीपुरवठाही होता आणि रस्त्यावरचे दिवेही. त्यामुळे पाहणी टेबलावर व्हायची. साहेब कागद भरायचे, मी अंगठा लावायची.

आधीच्या साहेबांच्या वेळचे धरून अकरा वर्षं मी अंगठा लावला. मला वाटायचं, साहेबांनी माझ्यासमोर सही केली एवढीच माझी साक्ष. ती तर खरीच होती. सही माझ्यासमोरच व्हायची.

त्या गुरुवारी मी पहिल्यांदा वाचलं. एकेक अक्षर जोडत. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"आम्ही खाली सही करणार पंच," मी मोठ्यानं वाचत होते, "यांनी इमारत अ, ब व क येथे समक्ष जाऊन... चारही मजल्यांची पाहणी केली. स्तंभ, जिने व पाण्याच्या टाक्या सुस्थितीत... आढळून आल्या." मी बोट तिथंच ठेवलं. "समक्ष म्हणजे हो काय, साहेब?"

दारातून कुलथे बाई म्हणाल्या, "समक्ष म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी, मावशी."

"कधी गेलो आपण?"

"मावशी," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "हे असंच लिहायचं असतं. नमुना आहे तो."

"पंच म्हणजे मी ना?"

"हो."

"मग मी गेले होते का?"

पेढ्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्या तीन इमारती म्हणजे घरकुलाच्या. शहाण्णव घरं. गावात कारखाने आले, रस्ता रुंद झाला, आणि रस्त्याकडेच्या शहाण्णव कुटुंबांना जुन्या कापूस जिनिंगच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकलं. दोन वर्षांसाठी म्हणून टाकलं, त्याला सहा वर्षं झाली. गावात भाड्यानं खोली मिळत नव्हती. एकेका खोलीत दोन-दोन संसार होते. माझी लेक केशर त्या शेडमध्येच राहायची, नवरा आणि दोन मुलींसह. तिला सोडतीत अ इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर लागलं होतं. सोमवारी मंत्री येणार होते किल्ल्या वाटायला. मैदानात मांडव घालायला सुरुवात झाली होती.

हे सगळं मला ठाऊक असताना मी पेन खाली ठेवलं.

"चला, बघून येऊ," मी म्हटलं.

"मावशी, मला तीनला कलेक्टर कचेरीत बैठक आहे. गावाची वरची टाकी गळतीये. शहाण्णव घरं बघायला तीन माणसांना चार दिवस लागतात. सांगा, कुठून आणू?"

"आत्ता दीड वाजलाय. जेवढं होतंय तेवढं बघू."

का कुणास ठाऊक, साहेबांनी गाडीची किल्ली उचलली. मला वाटतं, त्यांनाही कुणीतरी 'चला' म्हणायला हवं होतं.

त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून मी गेले. फाटकातून आत शिरल्यावर पहिली लागते ती क इमारत. बाहेरून पिवळा रंग, खिडक्यांना हिरव्या चौकटी, नवी नवरी उभी करावी तशी. साहेब दारं-खिडक्या बघत वर निघाले. मी जिन्याशीच थांबले. घमेली वाहिलेल्या बाईला जिना आधी दिसतो, कारण तिनं तो डोक्यावर ओझं घेऊन चढलेला असतो. मी अंगणातून मुठीएवढा धोंडा घेतला आणि जिन्याच्या कडेच्या खांबावर वाजवून पाहिला. खाली वाजवला, मध्ये वाजवला. कमरेच्या उंचीवर आवाज बदलला. चांगला खांब खण्ण बोलतो. हा 'बद्द' बोलला.

"साहेब, खाली या."

साहेब आले. मी पुन्हा वाजवून दाखवलं. "गिलावा नीट बसला नसेल," ते म्हणाले.

"मग खरवडून बघा."

साहेबांनी गाडीच्या किल्लीनं खरवडलं. गिलाव्याचा पापुद्रा निघाला, मागून खडी आली. सुटी, कोरडी खडी, एकीला दुसरी धरून नसलेली. साहेबांनी बोट घातलं तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं आणि सळईला लागलं. बोट बाहेर काढलं तेव्हा त्याला गंज लागला होता.

"ओतताना नीट कोंबलं नाही," मी म्हटलं. "घाई केली. आणि वरून पाणीही मारलं नाही. आमचा मुकादम असता तर त्यानं हा खांब आमच्याकडून फोडून घेतला असता."

"सगळेच असे आहेत?"

"मला काय ठाऊक? एकच वाजवलाय."

साहेब पायरीवर बसले. मग अडीच वाजले आणि त्यांना बैठकीला जावं लागलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं. टेबलावर आता दोन कागद होते.

"रात्रभर विचार केला, मावशी. क इमारत बाजूला ठेवू. दुरुस्तीला काढली म्हणून सांगतो. अ आणि ब पुरता पंचनामा केलाय. चौसष्ट कुटुंबं तरी सोमवारी घरात जातील." ते थांबले. "केशरताईंचं घर अ मध्ये आहे ना?"

खोटं कशाला सांगू, माझा हात पेनाकडे गेला. मला केशरच्या धाकटीचा खोकला आठवला. पावसात शेडमध्ये पाणी शिरलं की ती पोरं पलंगावर बसून अभ्यास करायची. एका सहीचं काम होतं. आणि कदाचित अ इमारत धडधाकट असेलही. एकच ठेकेदार असला तरी गवंडी वेगळे असू शकतात.

"अ मध्ये आपण गेलो का, साहेब?" मी विचारलं.

"मावशी, तुम्ही माझा जीव घेणार आहात."

"मी नाही घेत. तुमचं नाव माझ्या वर आहे त्या कागदावर. काही झालं तर तुम्ही आधी, मी मागून."

त्यांनी दोन्ही कागद ड्रॉवरमध्ये टाकले आणि डोकं धरून बसले.

बातमी दुपारपर्यंत शेडमध्ये पोचली. कशी पोचली ते विचारू नका. नगरपरिषदेत भिंतीही नगरसेवकांच्या असतात. मी बाहेर बाकावर बसले होते तर आवारात पंधरा-वीस बायका आल्या. पुढं माझी केशर.

"आई, खरंय का हे?"

"काय?"

"तुझी सही राहिलीये म्हणून अडलंय."

"पाहणी राहिलीये म्हणून अडलंय."

मागून एक जण म्हणाली, "म्हातारपणी शहाणपण फुटलंय!" दुसरी म्हणाली, "स्वतःला नगरपरिषदेची खोली आहे, हिला काय पत्र्याचं?" खोली होती मला, पंपहाऊसजवळ, दहा बाय दहाची. ते खरं होतं.

केशर माझ्यासमोर येऊन खाली बसली. आवाज हळू केला. "आई, सहा वर्षं झाली. मोठी आता न्हातीधुती झाली. तिला अंघोळीला चार बायांनी लुगडं धरून उभं राहावं लागतं. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"क मधला खांब मी वाजवलाय, केशर. आतून पोकळ आहे. तुझ्या खांबाचं मला माहीत नाही."

"माझं घर अ मध्ये आहे!"

"म्हणूनच म्हणते, मला माहीत नाही."

ती उठली. माझ्याकडे असं बघितलं, की आजही ते डोळे मला दिसतात. "तुला वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

बायकांबरोबर ती निघून गेली. मी बाकावरून हलले नाही. मागून येऊन कुलथे बाईंनी माझ्या मांडीवर एक फाईल ठेवली. जुनी, सुतळीनं बांधलेली. पाठीवर लिहिलं होतं: 'रिक्त पदे.'

"वाचायला शिकलाय ना," त्या म्हणाल्या, "मग हेही वाचा."

"फार मोठं आहे, बाई."

"शेवटची तीन पानं वाचा. उद्या दुपारपर्यंत होईल."

ती तीन पानं वाचायला मला शनिवारची दुपार लागली. अडलेल्या शब्दापाशी मी खूण करायची आणि बाईंना विचारून पुढं जायची.

चार वाजता मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. वाघचौरे साहेब, गावात येऊन आठ महिने झालेले, नीट इस्त्रीचे. केबिनमध्ये तांबोळी साहेब कोपऱ्यात उभे होते. टेबलावर नवा पंचनामा, तिन्ही इमारतींचा.

"बसा, शेजवळबाई," वाघचौरे साहेब म्हणाले. शिपायाला 'बसा' म्हणतात तेव्हा समजावं की काहीतरी काढून घ्यायचंय. "मी तुमची अडचण समजतो. तुम्ही प्रामाणिक आहात. पण तुमच्याशिवाय काम अडणार नाही. पंच कुणीही चालतो."

"मग घ्या ना दुसरा."

त्यांनी बेल दाबली. पाणीपुरवठ्याचा फिटर आला, कोंडिबा. दिवाबत्तीचा वायरमन आला, फर्नांडिस. जन्ममृत्यूचा बाबू आला, चिंतामण. सगळे रांगेत उभे.

"कोंडिबा, इथं सही कर," साहेब म्हणाले.

कोंडिबानं कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, जरा वाचू द्या की."

"तुला काय वाचायचंय?"

"मावशी वाचते तर मी का नको?" त्यानं ओठ हलवत वाचलं. "साहेब, हितं लिवलंय समक्ष. मी त्या इमारतीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. नळाची जोडणी अजून आलीच नाही माझ्याकडं."

"फर्नांडिस?"

"सर, माझा मीटर रूमपण बंद आहे तिथं. मी कुठला साक्षीदार?"

चिंतामण तर कागदाला हातच लावेना. "मी मयताच्या नोंदी करतो साहेब," तो म्हणाला, "नंतर माझ्याकडे येणारच की."

कोंडिबा फिसकन हसला आणि लगेच तोंड दाबून धरलं. वाघचौरे साहेबांनी तिघांना बाहेर जायला सांगितलं. गंमत बघा, या तिघांपैकी कुणीही आजवर कुठल्याही कागदावर नाही म्हटलं नव्हतं. कुणी मोठ्यानं वाचलंच नव्हतं, एवढंच.

दार लागल्यावर साहेबांचा आवाज बदलला. "शेजवळबाई, सोमवारी मंत्री येतायत. शासनानं घरं बांधायला कोट्यवधी दिलेत. शहाण्णव कुटुंबं पत्र्यात आहेत, त्यात तुमची मुलगी आहे. आणि तुम्ही एका नमुन्यावर अडून बसलाय. तपासायला माणसं नाहीत हा माझा दोष आहे का? मी आल्यापासून दोनदा मागणी केली. माझ्याआधीच्यांनी सात वेळा केली. शासन माणसं देत नाही, पगाराचं अनुदान देत नाही. मी काय करू?"

"का देत नाही, साहेब?"

"म्हणजे?"

मी फाईल त्यांच्या टेबलावर ठेवली, सुतळी सोडली, आणि पान उघडलं. "मी वाचून दाखवू? हळू वाचते मी."

आणि मी वाचायला लागले. पत्र मंत्रालयातून आलेलं होतं, आमच्या मागणीचं उत्तर. "आपल्या कार्यालयाने गतवर्षी प्राप्त झालेल्या दोनशे बारा प्रकरणांपैकी दोनशे बारा प्रकरणांत... समक्ष स्थळपाहणी पूर्ण केल्याचे... आपल्याच विवरणपत्रावरून दिसून येते. सबब उपलब्ध मनुष्यबळ पुरेसे असून... रिक्त पदे भरण्याची निकड दिसत नाही."

मी पान उलटलं. "त्याच्या आदल्या वर्षी एकशे अठ्ठ्याण्णव. एकशे अठ्ठ्याण्णव पूर्ण. उत्तर तेच. त्याच्या आदल्या वर्षीही तेच."

तांबोळी साहेब कोपऱ्यातून पुढं आले. त्यांनी फाईल माझ्या हातातून घेतली आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. त्यांच्या विवरणपत्राची प्रतच खाली जोडलेली होती, त्यांच्याच सहीची.

"त्या दोनशे बारावर माझा अंगठा आहे, साहेब," मी वाघचौरे साहेबांना म्हटलं. "मला वाटायचं मी ऑफिसला मदत करते. दोघांत अकरा जणांचं काम ओढतोय, दिसू देत नाही कुणाला. वर बसलेल्यांनी बरोबरच केलं की. दोन माणसांत सगळं होतंय असं आम्हीच लिहून दिलं दरवर्षी, मग ते तिसरा कशाला देतील? नऊ माणसं माझ्या अंगठ्यानं अडवली. क मधला तो खांब ओतताना त्यातला एक जण तिथं उभा असता, तर असा ओतला असता का?"

वाघचौरे साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाहेर मांडवाचे बांबू दिसत होते.

"मग तुमचं म्हणणं काय?" शेवटी ते म्हणाले.

"पेन द्या."

त्यांना वाटलं मी नमले. पेन दिलं. मी पंचनामा ओढला, छापलेल्या ओळींच्या खाली जी रिकामी जागा असते, 'पंचाचा शेरा' म्हणून, तिथं लिहायला लागले. अकरा वर्षांत त्या जागेत कुणी काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मला लिहायला वेळ लागला. 'पोकळ' मध्ये ळ काढताना हात अडला. पण लिहिलं ते असं:

'मी अ आणि ब इमारतीत गेले नाही. क इमारतीत एक जिना पाहिला. एक खांब वाजवला. तो पोकळ आहे. बाकी पाहिले नाही. पाहायला माणसे नाहीत.'

खाली सही केली. धुरपदा शेजवळ. पेन्सिलीची फुली होती तिथं नाही, तिच्या शेजारी.

"हा कागद मी फाडू शकतो," वाघचौरे साहेब म्हणाले.

"फाडा. मी दुसरा लिहीन. आता येतं मला."

ते कागद हातात घेऊन बसले. फाडला असता, असं मला आजही वाटतं. पण तांबोळी साहेबांनी हात पुढं केला. "सर, माझी सही राहिलीये." कागद घेतला आणि माझ्या शेऱ्याखाली लिहिलं, 'सहमत. मी स्वतः खांब पाहिला आहे. यापूर्वीच्या वर्षांतील पाहणीची आकडेवारी तपासण्यात यावी.' आणि सही केली. मला नोकरीची चार वर्षं उरली होती, त्यांची अठ्ठावीस. धाडस कुणाचं मोठं ते तुम्हीच ठरवा.

"तांबोळी, तुम्ही स्वतःला अडकवताय," वाघचौरे साहेब म्हणाले.

"अडकलेलो आहेच सर. दोनशे बारा वेळा."

दोन सह्यांचा कागद एकटा माणूस फाडत नाही. तो कागद त्याच संध्याकाळी कलेक्टर कचेरीत गेला, सोबत 'रिक्त पदे' ची तीन पानं. कुलथे बाईंनी प्रती काढून ठेवल्या होत्या, कुणी न सांगता.

मंत्री आले नाहीत. मांडव तीन दिवस रिकामा उभा होता, त्यात शेळ्या बसायच्या. शेडमधल्या लोकांनी माझ्या खोलीवर चिखल मारला. मला कारणे दाखवा नोटीस आली, तांबोळी साहेबांना आली, त्यांची बदली झाली, पुढे चौकशीही झाली त्यांची, आणि त्यात त्यांनी एकही गोष्ट नाकारली नाही. नोटिशीचं उत्तर मी स्वतः लिहिलं. दोन ओळींचं होतं. 'मी न पाहिलेले पाहिले असे लिहिले नाही. यापूर्वी लिहिले, त्याबद्दल शिक्षा करावी.' तिचं पुढं काही आलं नाही.

दीड महिन्यानं दोन इंजिनियर आले, तात्पुरते. मग तीन कायमचे. अकरा कधीच झाले नाहीत, पण पाच झाले. त्यांनी जिल्ह्याहून यंत्र आणलं आणि तिन्ही इमारतींचा प्रत्येक खांब तपासला. क मध्ये सात खांब फोडून नव्यानं बांधले, ठेकेदाराकडून. ब मध्ये पाण्याच्या टाकीखालची तुळई बदलली. याला सगळे मिळून आठ महिने लागले. आठ महिने शहाण्णव कुटुंबं पत्र्यात राहिली, एक पूर्ण पावसाळा. त्या पावसाळ्यात केशरच्या धाकटीला न्यूमोनिया झाला. ती वाचली. पण आठ दिवस दवाखान्यात केशरनं मला मुलीजवळ येऊ दिलं नाही.

किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी मी तिच्या घरी गेले, न बोलावता. तिसरा मजला. घराला रंगाचा वास होता. मोठी पळत आली नि गळ्यात पडली. केशर ओट्याशी चहा करत होती, पाठ माझ्याकडे.

"आई," ती वळून न बघता म्हणाली, "नवे साहेब सांगत होते. अ इमारतीत काहीच निघालं नाही. एक खांबसुद्धा नाही. सगळं ठीक होतं."

"हो. मी वाचला अहवाल."

"म्हणजे आम्ही आठ महिने उगाच काढले."

"उगाच नाही."

"मग काय?" ती आता वळली. "माझी पोरगी मरता मरता वाचली. काय मिळवलंस तू?"

"घर ठीक आहे हे आज तुला माहीत आहे," मी म्हटलं. "आठ महिन्यांपूर्वी ते कुणालाच माहीत नव्हतं. साहेबाला नाही, मला नाही, मंत्र्याला नाही. तुला त्यांनी न बघितलेल्या घरात झोपवलं असतं."

"लाखो लोक झोपतात तसे."

"झोपतात. माझ्या सहीनं नाही."

तिनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. परत बाहेर आली नाही. चहा पिऊन मी निघाले.

अजून ती माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाही. दिवाळीचा फराळ मोठीबरोबर पाठवते, स्वतः येत नाही. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी असते तर मीही आईला माफ केलं नसतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, आणि हे केशरला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच ती येत नाही.